जोडणी आधी जमिनीवर

मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गाने कांजूरमार्गकडे जाताना खाडीच्या बाजूला, मिठागरांतून आणि खारफुटीतून गेलेले विजेचे टॉवर दिसतात. पावसाळ्याआधी त्या पट्ट्यातल्या एका टॉवरवर इन्सुलेटरच्या माळा बदलण्याचं काम मी जवळून पाहिलं. वर चढण्याआधी सगळं सामान ताडपत्रीवर मांडलं होतं, तेही वर ज्या क्रमाने लागणार त्याच क्रमाने: क्रॉस आर्मला अडकवायचं शॅकल, मग डिस्कची माळ, शेवटी तार धरणारा क्लॅम्प. सुपरवायझर प्रत्येक जोड हाताने बसवून, ओढून, फिरवून पाहत होते. ते म्हणाले, “जो भाग बसतच नाही त्याची भीती नाही, तो इथेच कळतो. बसल्यासारखा वाटतो त्याची भीती.”

डिस्क एकमेकींत अडकतात त्या बॉल आणि सॉकेटने. 70 किलोन्यूटनच्या डिस्कला 16 मिलिमीटरचा जोड असतो, 160 किलोन्यूटनच्या डिस्कला 20 मिलिमीटरचा. मोठा बॉल लहान सॉकेटात जातच नाही. लहान बॉल मात्र मोठ्या सॉकेटात सहज सरकतो, पण आत पुरता टेकत नाही. सगळा भार अरुंद कडेवर येतो आणि लॉकिंग पिनची पकडही भरवशाची राहत नाही. म्हणून तिथे डोळ्यांवर विसंबत नाहीत, गेज लावतात.

तारेचंही तसंच. आपल्याकडे या तारांना प्राण्यांची नावं आहेत. 220 किलोव्होल्टच्या लाइनवर बहुधा दिसणारी ‘झेब्रा’ 28.62 मिलिमीटर जाड, तर 400 किलोव्होल्टवरची ‘मूस’ 31.77. मूसच्या क्लॅम्पमध्ये झेब्रा सहज मावते, बोल्टही आवळले जातात. पण वाऱ्याने तार अखंड थरथरते. सैल पकडीत ती घासते आणि ॲल्युमिनियमचे पदर एकेक करून तुटतात. तारेवर लटकणारे डंबेलसारखे डॅम्पर ही थरथर शोषतात, पण तेही त्याच तारेच्या मापाचे आणि ठरलेल्या अंतरावर असतील तरच.

मुंबईची खरी परीक्षा हवा घेते. खाडीचं मीठ आणि रस्त्याची धूळ इन्सुलेटरवर साचते. पहिल्या रिमझिमीत तो थर ओला झाला की त्यावरून वीज सरपटू लागते. मुसळधार पाऊस तो थर धुऊन तरी टाकतो, रिमझिम फक्त भिजवते. म्हणून इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरची वाट लांब हवी. 220 किलोव्होल्टच्या लाइनचा कमाल दाब 245 किलोव्होल्ट धरतात. अतिदूषित हवेत दर किलोव्होल्टमागे 31 मिलिमीटर वाट लागते, म्हणजे साडेसात मीटरांहून जास्त. साध्या डिस्कवर ती 292 मिलिमीटर असते, त्यामुळे 14 डिस्कच्या माळेत जेमतेम चार मीटर भरते. डिस्क वाढवत गेलं तर माळ लांबते, तार खाली येते आणि जमिनीपासूनचं अंतर घटतं. त्यामुळे खोल कंगोऱ्यांच्या अँटी-फॉग डिस्क किंवा पॉलिमर इन्सुलेटर घेतात. पॉलिमर हलका असतो. वाऱ्यात तो जास्त झुलतो आणि तार टॉवरच्या पोलादाकडे सरकते. तेव्हा ते अंतरही नव्याने तपासावं लागतं. एक भाग बदलला की हिशेब पूर्ण माळेचा करावा लागतो.

खाऱ्या दमट हवेत तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकत्र आवळले तर ॲल्युमिनियम झिजतं. सांधा तापतो आणि आणखी बिघडतो. तिथे बायमेटॅलिक क्लॅम्पच हवा. लावण्याच्या दिवशी दोन्ही सांधे सारखेच दिसतात, फरक कळायला काही पावसाळे जातात.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि बाहेरून वीज आणणाऱ्या मोजक्या लाइनवर मुंबई किती अवलंबून आहे ते सगळ्यांना कळलं. अशा लाइनचं शटडाऊन सहजी मिळत नाही. मिळालेल्या तासांत वर चढून माप जुळत नसल्याचं कळणं परवडणारं नसतं. खरेदीत मात्र डिस्क एकाकडून, क्लॅम्प दुसऱ्याकडून, पिना तिसऱ्याकडून, असा स्वस्तात स्वस्त माल गोळा करण्याचा मोह होतो. प्रत्येकाचं चाचणी प्रमाणपत्र खरं असतं, पण ते त्या एका तुकड्यापुरतं. मागणी पूर्ण माळेच्या आराखड्यावरूनच नोंदवावी, चाचणी जोडलेल्या माळेची व्हावी आणि आलेला माल टॉवरखाली एकदा जोडून पाहिल्याशिवाय वर जाऊ नये. ताडपत्रीवर घालवलेल्या त्या वेळाला कामातली दिरंगाई म्हणू नये, लाइन तिथेच सुरक्षित होते.