मिलिमीटरचे शंभर तुकडे, ४५ अंशांच्या उन्हात

वडसा-आरमोरीकडच्या भातगिरणीचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला, की तो भरून लेथवर चढतो. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचं भोक २५ मिलिमीटरचं असतं. शाफ्ट त्याहून दोन-तीन शतांश बारीक उतरला, तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवरच घसरू लागते आणि नवी बैठकही खाऊन टाकते. शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मिस्त्रींच्या एका सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शात, असे तीनशे सतरा शतांश मावतात.

जुन्या लेथवर हा शतांश पकडायचा कसा? क्रॉस स्लाईडच्या हँडलवर डायल असते, पण ती सांगते स्क्रू किती फिरला ते. टूल किती सरकलं, हे तिला ठाऊकच नसतं. स्क्रू आणि नट झिजले की दिशा बदलताना हँडल नुसतंच फिरतं. डायलवरचे आकडे पुढे जातात, टूल जागच्या जागी. मुरलेला टर्नर हा ‘प्ले’ हाताने ओळखतो. टूल जास्त मागे घेऊन पुन्हा एकाच दिशेने पुढे आणतो आणि काम साधतो. या हातांबद्दल मला आदर आहे, पण तो हात तयार व्हायला वर्षं जातात.

डीआरओ, म्हणजे डिजिटल रीडआउट, स्क्रूला काही विचारतच नाही. पट्टी मशीनच्या स्थिर भागावर, वाचक सरकत्या भागावर. जे सरकलं तेच मोजलं जातं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिकासारख्या कंपन्या असे संच बनवतात. पण खटपट्या माणसाला तो घरीही जमतो, कारण त्याचा मुख्य भाग स्वस्त डिजिटल कॅलिपरच्या पोटात तयारच असतो.

त्या पोटात काय आहे, हे कळल्यावर मी काही वेळ कॅलिपर नुसताच सरकवत बसलो. पट्टीवरच्या स्टिकरखाली तांब्याचे छोटे छोटे ठोकळे ओळीने छापलेले असतात. सरकत्या डोक्याखाली तांब्याच्याच बारीक पट्ट्या, आठ-आठच्या गटात. प्रत्येक पट्टीला तोच विजेचा ठेका दिलेला, पण शेजारणीपेक्षा एक अष्टमांश फेरा उशिरा. दोन्हीकडचं तांबं एकमेकांना टेकत नाही; मधल्या फटीतून विजेचा प्रभाव पलीकडे पोचतो आणि आठही ठेके मिसळून एकच लहर परत येते. डोकं सरकलं की कोणती पट्टी ठोकळ्यासमोर आली ते बदलतं, आणि परतलेली लहर तेवढी मागेपुढे होते. साधारण रचनेत ५.०८ मिलिमीटरला लहरीचा एक पूर्ण फेरा, ३६० अंश. म्हणजे एक शतांश सरकणं हे लहरीचं जेमतेम ०.७ अंश मागेपुढे होणं. लांबीचं रूपांतर वेळेत झालं, आणि वेळ मोजण्यात तर घड्याळातली चिप पटाईत! हे सगळं बटणाएवढ्या दीड व्होल्टच्या सेलवर.

बऱ्याच कॅलिपरच्या झाकणाखाली चार संपर्क दिसतात: ग्राउंड, डेटा, क्लॉक आणि दीड व्होल्ट. सर्वात स्वस्त प्रकारातून दर वेळी २४ बिट बाहेर येतात. त्यांत शतांशांचा आकडा, एक बिट उणे चिन्हाचा, एक इंच-मिलिमीटरचा. दीड व्होल्टची ही कुजबुज आकडा वाचून पुढे पाठवणाऱ्या ईएसपी३२ बोर्डाला ऐकू येत नाही, त्याला सुमारे ३.३ व्होल्ट लागतात. मध्ये डेटा आणि क्लॉक या प्रत्येक तारेवर एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर घालायचे. ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करतो, तो प्रोग्रॅममध्ये सुलटा करून घ्यायचा. पुढे ब्लूटूथ आणि जुन्या मोबाइलचा पडदा. क्रॉस स्लाईडसाठी आकडा दुप्पट दाखवावा. टूल एक मिलिमीटर आत गेलं की व्यास दोनने घटतो.

खरा वैरी पाणी. हवेच्या तुलनेत पाणी विजेचा प्रभाव सुमारे ८० पट वाढवतं, त्यामुळे कूलंटचा एक शिंतोडा फटीत गेला की आकडे उड्या मारतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, त्या दिवसांतली ओल तर झाकणातूनही शिरते. पट्टीवर पत्र्याचं आच्छादन हवंच, आणि पट्टी स्लाईडला समांतर बसवण्यात कंजुषी करू नये.

आणि चंद्रपूरचा मे महिना. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, असं वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९३१ साली ठरवलं. टिनाच्या शेडमध्ये ४५ अंश असताना एक मीटर पोलाद २९ शतांशांनी लांबलेलं असतं. शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही पोलादाचे, सोबतच फुगतात, म्हणून तिथे फारसं बिघडत नाही. पण नुकताच कातलेला २५ मिलिमीटरचा शाफ्ट हवेपेक्षा ५० अंशांनी तापलेला असेल, तर तो दीड शतांश जाड भरतो. तेव्हाच ‘बरोब्बर २५’ म्हणून उतरवला, की थंड झाल्यावर बेअरिंग ढिलं.

या मुलखात उन्हाशी हा झगडा जुना आहे. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे विल्यम लॅम्टन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. चंद्रपूरहून वर्ध्याकडे जाताना वरोऱ्यानंतर लागतं ते हिंगणघाट. त्यांची शंभर फुटी पोलादी साखळी दहा अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर बदलायची, म्हणून मोजणीत साखळीसोबत थर्मामीटरही असे. पुढे त्याच सर्वेक्षणाचे प्रमुख झालेल्या एव्हरेस्ट यांनी १८३० साली कोल्बी यांच्या रचनेचे मोजणीचे दांडे आणले: दहा फुटी लोखंड आणि पितळ शेजारी-शेजारी, मधोमध जखडलेले. पितळ जास्त वाढतं, लोखंड कमी. या फरकाचाच उपयोग करून टोकांवरच्या दोन खुणांमधलं अंतर कायम राखलेलं.

घरच्या डीआरओत हेच काम तापमान सांगणारा एक थर्मिस्टर आणि प्रोग्रॅमच्या दोन ओळी करू शकतात. पोलादी जॉबला गरज नाही, पट्टीचा दांडाही पोलादी असतो. ॲल्युमिनियम मात्र दुप्पट फुगतं: ४५ अंशांत ३०० मिलिमीटरवर कापलेला तुकडा २० अंशांना नऊ शतांश आखूड निघतो. म्हणून पडद्यावर शून्य करायच्या बटणाशेजारी जॉबचा धातू निवडायचं बटणही ठेवावं.