शिशाच्या मागें लागलेला शास्त्रज्ञ

गेल्या सुट्टींत आमचा एक पुतण्या घरीं आला असतां पानावर बसल्या बसल्या आपल्या गुरुजींची थोरवी सांगूं लागला. इतर विद्वानांनीं त्यांच्या निबंधांचा आधार कित्येक हजार वेळां घेतला आहे, हें त्या थोरवीचें प्रमाण! वाढीत असलेल्या आमच्या आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "तें असो रे, पण त्यांनीं केलें काय?" चिरंजीव घुटमळले.

उल्लेखांची ही मोजदाद फार जुनी नव्हे. अमेरिकेंत युजीन गार्फील्ड यांनीं १९६४ सालीं 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची काढली, तेव्हांपासून कोणाचा निबंध कोणीं आधारास घेतला हें मोजणें सोपें झालें, आणि पुढें तोच विद्वत्तेचा तराजू होऊन बसला. हा तराजू अगदींच खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आत्याबाईंच्या प्रश्नानें आम्हांस एका भूरसायनशास्त्रज्ञाचें स्मरण झालें.

क्लेअर पॅटर्सन यांचा जन्म १९२२ सालीं अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत झाला. शिकागो विद्यापीठांत हॅरिसन ब्राउन या गुरूंनीं त्यांना खडकांतील अत्यल्प शिसें मोजण्याचें काम नेमून दिलें. युरेनियमचें ठराविक गतीनें शिसें बनत असतें. तेव्हां शिशाच्या निरनिराळ्या प्रकारांचें परस्परांशीं प्रमाण कळलें, तर खडकाचें वय काढतां येतें. परंतु प्रत्येक वेळीं शिसें अपेक्षेपेक्षां फारच अधिक येई. शोध घेतां कळलें कीं, दोष खडकाचा नसून जागेचा आहे. हवेंत, धुळींत, रसायनांत, किंबहुना मोजणाऱ्याच्या अंगावर व कपड्यांतहि शिसेंच शिसें! मग पॅटर्सन यांनीं जें सोवळें आरंभिलें, त्यापुढें आमच्या आजीनेंहि हात टेकले असते. भांडीं आम्लानें वारंवार धुवावयाचीं, रसायनें पुनःपुन्हां शुद्ध करावयाचीं, खोलींत गाळलेलीच हवा सोडावयाची, वेगळीं वस्त्रें घातल्यावांचून आंत पाऊल टाकावयाचें नाहीं. १९५२ सालीं ते कॅलिफोर्नियांतील 'कॅल्टेक' संस्थेंत गेले. अशा सोवळ्यांत पांच अशनींतून काढलेल्या शिशावरून त्यांनीं १९५६ सालीं पृथ्वीचें वय ४५५ कोटी वर्षें असल्याचें प्रसिद्ध केलें. चूक संभवली तर ती ७ कोटींची. तो आंकडा अद्यापि जवळजवळ तसाच उभा आहे.

दुसरा कोणी तेवढ्या कीर्तीवर स्वस्थ बसला असता. पॅटर्सन यांना मात्र एकच प्रश्न छळीत राहिला: हें एवढें शिसें जगांत आलें कोठून? समुद्राच्या खोल पाण्यापेक्षां वरच्या पाण्यांत तें अधिक आढळलें. म्हणजे तें अलीकडचें. संशय पेट्रोलवर गेला. मोटारीच्या एंजिनानें ठोके देऊं नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळीत असत. १९६५ सालीं त्यांनीं निबंध लिहून बजावलें कीं, साधारण अमेरिकन माणसाच्या देहांत नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारें १०० पट शिसें आहे. या विषयाचे तत्कालीन अधिकारी डॉ. रॉबर्ट कीहो हें प्रमाण स्वाभाविक मानीत. त्यांचें संशोधन उद्योगाच्याच द्रव्यावर चालत असे. ज्याला त्याला तपासावें तर शिसें सांपडतें, तेव्हां तें निसर्गाचेंच, असा कांहींसा तो युक्तिवाद. सगळीं घरें सारखींच मळल्यावर मळ दिसावा कोणास? १९६९ सालीं पॅटर्सन व त्यांचे सहकारी यांनीं ग्रीनलंडच्या बर्फाचे थर तपासून दाखविलें कीं, इसवी सनापूर्वीं ८०० च्या सुमाराच्या बर्फापेक्षां नव्या बर्फांत शिसें सुमारें २०० पट आहे. इतकें असूनहि १९७१ सालीं हवेंतील शिशाचा विचार करणाऱ्या राष्ट्रीय मंडळांत या कामांतील सर्वांत कसलेल्या माणसास जागा मिळाली नाहीं. तेल-उद्योगाकडून मिळणारें साहाय्य तर आधींच थांबलें होतें.

अमेरिकेंत रस्त्यावरील मोटारींचें शिसेयुक्त पेट्रोल १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंद झालें. पॅटर्सन ५ डिसेंबर १९९५ रोजीं वारले. महिनाभराचीहि सवड मिळाली नाहीं. आपल्याकडे तें २००० सालीं थांबलें, आणि सर्वांच्या शेवटीं अल्जीरियानें २०२१ सालीं सोडलें.

आतां तराजूविषयीं. ४५५ कोटींचा आंकडा शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे, आणि जें सर्वांस ठाऊक झालें त्यास कोणी आधार जोडीत नाहीं. काम पुरतें रुजलें कीं उल्लेख उलट कमी होतात! पेट्रोल भरणारा तर कोणाचाच निबंध उल्लेखीत नाहीं.

आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हां आत्याबाईंनीं त्या सोवळ्याचा भाग दोनदां सांगावयास लाविलें. मग म्हणाल्या, "कल्हईवाला आला कीं आमच्या सासूबाई त्याचें कथील आधीं कागदावर घासून पाहात. काळी रेघ उमटली कीं शिशाची भेसळ. मग एक भांडें हातीं देत नसत." पुतण्या जेवण टाकून कागद शोधूं लागला.