सूक्ष्म आरएनए व कर्करोग चिकित्सा
सूक्ष्म आरएनए व कर्करोग चिकित्सा : कोशिकेतील (पेशीतील) सु. २२ न्यूक्लिओटाइडांच्या आखूड रिबोन्यूक्लिइक अम्ल रेणूंना सूक्ष्म आरएनए म्हणतात. हे रेणू स्वतः प्रथिनाची माहिती वाहत नाहीत. ते संदेशवाहक आरएनएस चिकटून प्रथिननिर्मितीला आळा घालतात. त्यांचे प्रमाण बिघडल्यास कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊ शकते [⟶ कर्करोग]. उणा पडलेला रेणू बाहेरून पुरविणे अथवा वाजवीपेक्षा वाढलेला रेणू पूरक रेणूने निष्प्रभ करणे, हे या चिकित्सेचे दोन संकल्पित मार्ग होत.

व्हिक्टर अँब्रॉस व गॅरी रव्हकन यांच्या संशोधनातून १९९३ मध्ये सु. १ मिमी. लांबीच्या एका सूत्रकृमीतील असा पहिला रेणू व त्याचे कार्य उघड झाले. ही कृमींपुरतीच गोष्ट असावी, असा बऱ्याच काळ समज होता. २००० मध्ये रव्हकन यांना सापडलेला दुसरा रेणू मानवातही आढळला, तेव्हा तो दूर झाला. या दोघांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कार्लो क्रोचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दीर्घकालिक लसीका-कोशिकीय श्वेतकोशिकार्बुदात (रक्ताच्या एका कर्करोगात) तेराव्या गुणसूत्राच्या गळालेल्या भागात मिर-१५ व मिर-१६ हे रेणू असतात, असे दाखविले. कर्करोगाशी असलेला संबंध त्यावरून प्रथम स्पष्ट झाला.

महाराष्ट्रात या विषयावरील लक्षणीय काम नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत नीलम शिरसाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांचा विषय मेड्युलोब्लास्टोमा हे मुख्यतः मुलांच्या निमस्तिष्कात (लहान मेंदूत) होणारे मारक अर्बुद होय. शस्त्रक्रियेनंतर मेंदूस व मेरुरज्जूस द्याव्या लागणाऱ्या किरणोपचाराने मूल वाचले, तरी त्याची वाढ व बुद्धी यांस हानी पोहोचू शकते. म्हणून कोणत्या मुलास किती तीव्र उपचार हवेत हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. या अर्बुदाच्या चार गटांपैकी ‘विंट’ गटातील बहुतेक मुले बरी होतात. या गटात काही विशिष्ट सूक्ष्म आरएनए विपुल असतात, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले. पुढे २०१३ मध्ये, मेणात जतन केलेल्या ऊतकावरूनही गट ठरविणारी चाचणी प्रसिद्ध झाली. गोठविलेले ताजे ऊतक राखणे सर्व रुग्णालयांना शक्य नसल्याने तिचे व्यावहारिक मोल मोठे आहे. यांतील मिर-१४८ए हा रेणू इतर गटांच्या कोशिकांत वाढविला असता त्यांची आक्रमकता घटते, असे २०१५ मध्ये आढळले. उंदरांवरील प्रयोगांतही अर्बुदाची वाढ मंदावली.

उंदरापासून रुग्णापर्यंतची वाट मात्र बिकट आहे. उघडा आरएनए रक्तात त्वरित विघटित होतो, म्हणून तो मेदकणांत गुंडाळून द्यावा लागतो. असे कण मुख्यत्वे यकृतात साठतात आणि मेंदूत शिरण्यास रक्त-मस्तिष्क रोध आड येतो. शिवाय एकच सूक्ष्म आरएनए शेकडो जीनांवर परिणाम करतो. अर्बुदाच्या अनेक वाटा एकदम रोखण्याचे त्याचे सामर्थ्य यातच आहे आणि धोकाही यातच. मिर-३४ए या रेणूच्या अनुकृतीची मानवी चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. एकूण ८५ रुग्णांपैकी तिघांची अर्बुदे अंशतः आक्रसली. परंतु प्रतिरक्षा यंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रियांमुळे चार रुग्ण दगावले व २०१६ मध्ये चाचणी थांबविण्यात आली. २०२४ अखेरपर्यंत कर्करोगावरील एकाही सूक्ष्म आरएनए औषधास मान्यता मिळाली नव्हती.