वरणभात आणि जागतिकीकरण

लातूरच्या अकरावीतील विद्यार्थ्यास जागतिकीकरण म्हणजे काय असे विचारले, की तो १९९१ साल सांगतो आणि परदेशी कंपन्यांची नावे मोजतो. आवडते अन्न विचारावे, तर वरणभात! या दोन उत्तरांचा परस्परांशी संबंध आहे, हे सहसा त्याच्या ध्यानी येत नाही.

२०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली आणि खानावळीतले वरण पातळ झाले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोझांबिकशी तूरखरेदीचा करार केला. आरंभी वर्षाला १ लाख टन. त्याच हंगामात देशातही विक्रमी पीक आले आणि बाजारभाव ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. वरण दाट झाले खरे. पण ते खाणाऱ्या मुलाचा बाप औशाकडे, निलंग्याकडे तूरच पिकवितो, आणि शिकवणीची फी आडत्याच्या पट्टीतूनच यावयाची असते. डाळ स्वस्त होणे ग्राहकाच्या हिताचे, असे आम्ही वर्गात शिकवितो. ग्राहक आणि उत्पादक एकाच घरात राहत असतील, तर हित कोणाचे धरावयाचे?

ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर मर्यादा घातली. तेव्हा मोझांबिकमधील भाव कोसळून तिकडचा लहान शेतकरी नागविला गेला. त्याचीही मुले शाळेत जात असतील.