नर्सबाई पुन्हा कॉलेजात

तालुक्याच्या रुग्णालयात पंधरा वर्षे नोकरी केलेली नर्सबाई पुन्हा वह्या-पुस्तके घेऊन बसली, की माणसे विचारतात, "आता या वयात पदवी कशाला? सुई देता येते, बाळंतपण करता येते. आणखी काय राहिले?" श्रोतेहो, प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जरा नीट पाहू.

पुष्कळ नोंदणीकृत परिचारिका ३ वर्षांची पदविका घेऊन कामाला लागतात. परिचर्येची पदवी आपल्या देशात १९४६ सालापासून, दिल्ली व वेल्लोर येथे, मिळू लागली. पदविकेवर नोकरी करणाऱ्यांसाठी 'पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग' हा २ वर्षांचा निराळा अभ्यासक्रम आहे. त्यात सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, मानसशास्त्र आहे; वॉर्डाचा कारभार आहे; आणि बरं का, संख्याशास्त्रही आहे!

नर्सबाईला संख्याशास्त्राचे काय काम? असे पाहा. दवाखान्याच्या रजिस्टरात जुलाबाच्या रोग्यांची नावे रोज चढतात. ती कोणीही लिहील. पण त्यांतले निम्मे रोगी एकाच वाडीचे, एकाच विहिरीचे पाणी पिणारे आहेत, हे निवडून काढायचे आणि आकडे मांडून वरिष्ठांपुढे ठेवायचे, ही वेगळी विद्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी क्रिमियाच्या युद्धानंतर, १८५८ च्या सुमारास, हेच केले. जखमांपेक्षा रोगांनी अधिक शिपाई दगावले, हे त्यांनी आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारला दाखवले. आपण मात्र त्यांचा कंदील तेवढा लक्षात ठेवला.

आता अडचणी. कॉलेजात २ वर्षे बसायचे तर रजा हवी, आणि घरची चूल त्या पगारावर चालते. म्हणून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने नोकरी सांभाळून करण्याचा ३ वर्षांचा मार्ग काढला. बारावी व पदविका झालेलीला २ वर्षांचा अनुभव पुरतो. दहावीनंतर पदविका घेतलेलीला ५ वर्षांचा लागतो. नोंदणीपत्र आणि अनुभवाचा दाखला आधीच काढून ठेवावा. ऐन वेळी कचेरीत खेटे घालावे लागतात. घरी अभ्यास करता आला तरी प्रात्यक्षिके काही टळत नाहीत. रात्रपाळी उतरून तसेच प्रात्यक्षिकाला उभे राहायचे, हे सोपे नव्हे. घरच्यांनी त्या दिवसाचा स्वयंपाक उचलला तरी पुष्कळ झाले.

सर्वांत मोठी अडचण मात्र इंग्रजीची. सारी पुस्तके इंग्रजीत, आणि बाईंची शाळा मराठीतली. रोगी समोर असता जे हातांना बिनचूक कळते, तेच उत्तरपत्रिकेत लिहिताना पेन अडते. इथे शिक्षकमंडळींना करण्यासारखे काम आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून घ्यावे, आणि त्याचे चार ओळींत उत्तर लिहवून घ्यावे. वैद्यकीय शब्दांची चिंता नको; ते बाईच आपल्याला सांगतील.