इंजिनाचा पाया

घराची शोभा सर्वांच्या डोळ्यांत भरते. पायाकडे मात्र भिंतीला तडा गेल्यावाचून कोणाचे लक्ष जात नाही. यंत्राचेही तसेच आहे. आमच्या एका वर्गमित्राच्या घरी त्याच्या आजोबांची जुनी बुलेट मोटारसायकल आहे. इंग्लंडातील या गाडीची जुळणी व्हावी म्हणून मद्रासेत १९५५ साली एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आजोबांची गाडी त्यानंतरच्या दशकातली. तिच्या इंजिनातून खालच्या बाजूने ‘टक् टक्’ असा जड आवाज येऊ लागला. दोन वर्षांपूर्वीही असाच आवाज आला होता व तेव्हा आतली बुश बदलली होती. मग तेच दुखणे पुन्हा का उद्भवले? आजोबांनी निक्षून सांगितले, “या खेपेस कारण सापडल्याशिवाय इंजिन जोडायचे नाही. तिसऱ्यांदा खर्च करण्याची आपली ऐपत नाही; गाडी मोडीत द्यावी लागेल.” दिवाळीच्या सुट्टीत बेळगावातील एका वृद्ध मिस्त्रींच्या कारखान्यात आम्ही चौघांनी जे पाहिले व जे शिकलो, ते येथे सांगत आहोत.

इंजिनाच्या वरच्या भागात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो. चाकाला मात्र वर्तुळाकार गती हवी असते. हे रूपांतर खालच्या भागात घडते. तेथे क्रँककेस नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत दोन जड गतिचक्रे असतात. त्यांना जोडणारी पोलादी खीळ म्हणजे क्रँकपिन. कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक दट्ट्यास जोडलेले असते आणि खालचे मोठे टोक या खिळीभोवती फिरते. या इंजिनातील सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर आहे. त्यावरून ३४६ घन सेंटिमीटर हे आकारमान वाचकांनी स्वतः काढून पाहावे. मिनिटाला ३००० फेरे होत असताना दट्ट्या सेकंदाला १०० वेळा थांबून दिशा बदलतो. ते सारे हिसके त्या एका खिळीने सोसावयाचे!

खीळ आणि रॉड यांच्यामध्ये एक तरंगती बुश असते. ती दोहोंपैकी कोणालाच जखडलेली नसते, स्वतःही फिरते. तिच्या आतून व बाहेरून तेलाचा पातळ थर असतो आणि खरा भार तोच पेलतो. हे तेल पंपाकडून गाळणीत, गाळणीतून क्रँकच्या आसाच्या टोकात आणि तेथून गतिचक्रातील बारीक छिद्रावाटे खिळीपर्यंत पोहोचते. ही वाट अडली की धातू धातूवर घासू लागतो.

इंजिन उघडताना पहिला धडा मिळाला. पंपाला गती देणारा, आसाच्या टोकावरील नट आम्ही सर्व बळ लावून सोडवू लागलो. मिस्त्रींनी हात धरला. “पोरांनो, हा नट उलट्या आट्यांचा आहे. तुम्ही तो सोडवत नाही, आवळत आहात!” पुढे त्यांनी रॉड धरून वरखाली ओढून दाखविला. बाजूला किंचित हालणे रास्त असते. वरखाली जाणवेल एवढे हालता कामा नये. येथे तर स्पष्ट खटका लागत होता.

गतिचक्रे सुटी केल्यावर खरा अपराधी सापडला. खिळीतील तैलमार्गात काळा, घट्ट गाळ बसला होता. चक्राच्या वेगाने तेलातील जड घाण बाहेरच्या बाजूस फेकली जाते व तेथेच साचते. मागील खेपेस बुश बदलली, परंतु ही वाट कोणी साफ केली नव्हती. आम्ही ती रॉकेल, तार व दाबाची हवा वापरून मोकळी केली.

मग नवी खीळ व नवी बुश घालून चक्रे जोडली आणि आस दोन टोकांवर तोलून डायलने तपासला. सुई ०.१० मिलिमीटर सरकली. “एवढ्याशाने काय होणार?” असे आम्ही म्हणालो. मिस्त्री हसले. “एवढेसे, पण मिनिटाला तीन हजार वेळा!” तांब्याच्या हातोडीने चक्राच्या कडेवर बेताने ठोके देत त्यांनी तो फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत आणला. त्या कामी सारी दुपार गेली.

बेअरिंगे बसविण्यापूर्वी क्रँककेस तापविली. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. येथे बेअरिंग न ठोकता आपोआप जागी बसलेले पाहिले. शेवटी पेटी मिटण्यापूर्वी आसाच्या टोकातून तेल सोडले. बुशच्या कडेने ते पाझरताना दिसले, तेव्हाच मिस्त्रींनी जोडणीस अनुमती दिली.

आठ दिवसांनी इंजिन सुरू झाले. आजोबा डोळे मिटून बराच वेळ ऐकत उभे होते. तो जड खटका नव्हता. आता तेल केव्हा बदलले व गाळणी केव्हा धुतली याची नोंद ते एका वहीत ठेवतात. मोडलेला भाग बदलणे ही अर्धी दुरुस्ती होय. तो का मोडला, हे शोधल्यावरच ती पुरी होते.