सभासद चारशे, बोलणारे चार

गेल्या वर्षी शाळा सुटताना नववीतल्या एका विद्यार्थिनीची अम्मी मला भेटायला आली. हातातला मोबाईल पुढे करत म्हणाली, "आपा, ग्रुपवर विचारलं होतं. कोणीच काही बोललं नाही. आता तारीख निघून गेली."

हा ग्रुप आमच्या मोहल्ल्यातल्या काही शिक्षकांनी आणि पालकांनी सुरू केलेला व्हॉट्सॲप ग्रुप. परीक्षा, प्रवेश, शिष्यवृत्ती यांची माहिती घराघरांत पोहोचावी हा हेतू. सुरुवातीला चाळीसेक जण होते, पुढे चारशेच्या वर गेले. आम्हाला त्या आकड्याचा अभिमान वाटत असे.

त्या अम्मीचा प्रश्न साधा होता. मुलीचे वडील हयात नाहीत, तर शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला कोणाच्या नावाचा लागेल? उत्तर एका ओळीचे होते: आईच्या नावाचा, सोबत वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडायचा. तिने आपला संदेश दाबून धरला आणि तो कोणी कोणी वाचला याची यादी मला दाखवली. यादी संपता संपेना. त्यात माझेही नाव होते.

दोन तासांच्या मधल्या वेळेत मी तो प्रश्न वाचला होता. मनात म्हटले, इतके लोक आहेत, कोणीतरी सांगेलच. तसेच बाकीच्यांनीही म्हटले असणार.

माणसाच्या या सवयीवर अमेरिकेतील जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मायक्रोफोनवरून चर्चा करायला सांगितले. कोणी कोणाला पाहू शकत नव्हते, फक्त आवाज ऐकू येत होता. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज आला. तो आधी ध्वनिमुद्रित केलेला होता, पण ऐकणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. हे फक्त आपणच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका संपण्याआधीच मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटले, तेव्हा ६२ टक्के उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा फक्त ३१ टक्के. जे उठले नाहीत ते निर्दयी नव्हते, त्यांचे हात थरथरत होते. पण जबाबदारी इतक्या जणांत वाटली गेली की कोणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही.

आमच्या ग्रुपमध्ये नेमके हेच घडले. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये एका ग्रुपची मर्यादा २५६ जणांची केली आणि २०२२ मध्ये ती १०२४ वर नेली. खोली मोठी झाली, म्हणून बोलणारे वाढले नाहीत. जेकब निल्सन या अभ्यासकाने २००६ मध्ये इंटरनेटवरील समूहांबद्दल एक ढोबळ हिशेब मांडला होता: शंभरातील नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एकच जण सतत लिहितो.

नुसते वाचणे हा काही गुन्हा नाही. वाचणाऱ्यालाही फायदा होतोच. पण ज्याला विचारायचे आहे तोही गप्प बसत असेल, तर काळजीची गोष्ट आहे. म्हणून पालकसभेत मी विचारले, "तुम्ही लिहीत का नाही?" एक अम्मी म्हणाली, "माझं मराठी शुद्ध नाही, लोक हसतील." दुसरी म्हणाली, "एकदा विचारलं तर उत्तर आलं, वर बघा, आधीच टाकलंय. पुन्हा हिंमत झाली नाही." एक अब्बा म्हणाले, "सकाळपासून शुभेच्छांची चित्रं येतात, त्यात आमचा प्रश्न कुठे दिसणार?"

त्यानंतर आम्ही काही बदल केले. मोठा ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवला. तिथे ॲडमिनच लिहितात. चर्चेसाठी इयत्तेप्रमाणे छोटे ग्रुप केले आणि शुभेच्छा व फॉरवर्ड तिथे बंद केले. रोज एका शिक्षकाची पाळी लावली. आलेल्या प्रश्नाला त्याच रात्री उत्तर द्यायचे. माहीत नसेल तर "उद्या विचारून सांगते" एवढे तरी लिहायचे. मराठी, उर्दू, दखनी, जी जमेल ती भाषा चालेल. लिहिता येत नसेल तर आवाजात बोला. कोणी कोणाची भाषा सुधारायची नाही. नवीन कोणी आले की नाव घेऊन सलाम करायचा आणि सोपेसे काही विचारायचे, जसे मूल कितवीत आहे. एकदा बोललेला माणूस दुसऱ्यांदा बोलायला कचरत नाही.

पालकांनाही एक गोष्ट सांगितली. "कोणी सांगेल का?" असे विचारू नका. "सायराबाजी, तुम्ही हा अर्ज भरला होता ना?" असे नाव घेऊन विचारा. मग ती जबाबदारी एकाच माणसाची होते.

नियम कडक झाले म्हणून काही जण ग्रुप सोडून गेले. आम्ही ते मनाला लावून घेतले नाही. आता सभासद मोजायचे सोडून महिनाअखेर वहीत दोनच आकडे लिहितो: किती वेगवेगळ्या लोकांनी काही लिहिले, आणि किती प्रश्न उत्तराविना राहिले. ग्रुप वाढतो की नुसता फुगतो, हे त्यावरून कळते.

त्या मुलीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. यंदा तिचा अर्ज वेळेत गेला आहे.

तुमच्याही मोबाईलमध्ये असा एखादा ग्रुप असेलच, खानदानाचा, मोहल्ल्याचा नाहीतर शाळेचा. आज रात्री तो उघडा आणि थोडे वर जाऊन पाहा. कोणाचा तरी प्रश्न तिथे तसाच पडून असेल. कोणीतरी सांगेल, असे म्हणून पुढे जाऊ नका. उत्तर तुम्हीच द्या.